शुगरचं मशीन घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शहाद्याला आमचं मेडिकल आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. शुगरचं मशीन घ्यायला येणारा बहुतेक वेळा स्वतःसाठी येत नाही. सुरतेला किंवा पुण्याला कामाला असलेला पोरगा सुट्टीत घरी येतो, आईचा रिपोर्ट बघून घाबरतो आणि परतीची बस पकडायच्या आधी घाईघाईत मशीन घेऊन देतो. सहा महिन्यांनी ते कपाटात पडलेलं असतं, रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या संपलेल्या किंवा बाद झालेल्या. म्हणून काउंटरवर रोज द्यावी लागणारी उत्तरं इथे लिहून ठेवतोय. गोळ्या-इन्सुलिनचा डोस मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचा, ते माझं काम नाही.

एकच नाव सांगा ना भाऊ, कुठलं घेऊ?

नाव सांगण्याआधी मी उलट विचारतो, पट्टी कुठून आणणार? मशीन एकदाच घ्यायचं असतं, पट्टी मात्र दर तपासणीला नवी लागते. एक पट्टी २० रुपयांना पडते असं धरा. रोज दोनदा तपासलं तर महिन्याचे १,२०० आणि वर्षाचे १४,४०० रुपये झाले. मशीन हजाराच्या आसपास येतं. कंपन्या मशीन स्वस्तात, कधी कधी फुकटात का देतात ते या हिशोबातच आलं. आणि एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला चालत नाही. पुष्कळदा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांनाही सारखी पट्टी चालत नाही.

ॲक्यु-चेक, वनटच, कॉन्टूर, डॉ. मोरपेन ही नावं आपल्या भागात ओळखीची आहेत. यातलं कुठलंही घ्या, पण आधी तुमच्या गावात किंवा बाजाराच्या गावात निदान दोन दुकानांत त्याच मॉडेलची पट्टी कायम असते का ते बघा. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडून येणाऱ्यांना तर मी हे दोनदा सांगतो. पट्टीसाठी घाट उतरून यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली.

ही अक्कल मला फुकट आलेली नाही. काही वर्षांपूर्वी एका कंपनीची चांगली स्कीम होती म्हणून मी डझनभर मशीनं भरली आणि ओळखीच्या घरांत विकली. वर्षभरात पट्ट्या यायच्या बंद झाल्या. एक आजोबा महिनाभर दर सोमवारी दुकानात यायचे आणि काही न बोलता रिकामी डबी काउंटरवर ठेवायचे. शेवटी त्यांना माझ्या खिशातून दुसरं मशीन दिलं.

सोबत पट्ट्या फुकट असलेला पॅक घ्यावा का?

घ्या, पण एक्सपायरी बघून. मशीनसोबतच्या फुकट पट्ट्यांची तारीख अनेकदा जवळ आलेली असते. दुसरं म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून ग्लुकोमीटर (म्हणजे हेच मशीन) आणि पट्ट्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. खोक्यावर जुनी किंमत छापलेली असेल तर नव्या दराचा हिशोब मागा, लाजू नका. खोक्यावर परवाना क्रमांक आणि आयात करणाऱ्याचा किंवा बनवणाऱ्याचा पत्ता नसेल तर ते खोकं परत करा.

हे मशीन बरोबर दाखवतं हे कसं ओळखायचं?

खोक्यावर किंवा आतल्या कागदावर ‘आयएसओ १५१९७:२०१३’ हे मानक लिहिलंय का ते बघा. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा. खरी शुगर १०० किंवा जास्त असेल तर शंभरातली निदान ९५ रीडिंग १५ टक्के इकडे-तिकडे यायला हवीत. १०० च्या खाली असेल तर १५ आकड्यांच्या फरकात.

म्हणजे लॅबचा आकडा २०० असताना मशीनने १७० दाखवलं तरी ते पास आणि २३० दाखवलं तरी पास. त्यामुळे काल १४८, आज १५३, ‘पाचने वाढली’ म्हणून तोंड पाडून बसू नका. त्या पाचाला काही अर्थ नाही. एकाच बोटातून लागोपाठ दोनदा तपासलं तरी एवढा फरक येतो.

लॅबमध्ये १६२ आली, घरी १८५. खोटं कोण?

कदाचित कुणीच नाही. १६२ चे १५ टक्के म्हणजे सुमारे २४, त्यामुळे १८५ हा आकडा हद्दीतच आहे. पण तुम्ही तुलना कशी केली ते महत्त्वाचं. जेवणानंतर बोटाच्या रक्तातली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच असते. म्हणून ताडून बघायचं तर उपाशीपोटी. लॅबमध्ये मशीन सोबत न्या आणि शिरेतून रक्त काढल्यावर पाच-दहा मिनिटांत बोट टोचून तपासा. सिरिंजमधलं रक्त पट्टीला लावू नका.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. काढलेल्या रक्तातल्या पेशी नळीतसुद्धा साखर खात राहतात. साध्या तापमानाला तासाला ५ ते ७ टक्के साखर अशी कमी होते, गरमीत त्याहून भराभर. त्यासाठी फ्लोराइड घातलेली, करड्या टोपणाची नळी असते. खेड्यावरच्या शिबिरात सकाळी काढलेलं रक्त साध्या नळीत दुपारी शहरात पोहोचलं, तर लॅबचाच आकडा कमी येणार आणि घरी येऊन शिव्या मशीनला बसणार.

आपल्या उन्हाळ्यात पट्ट्या टिकतात का?

खानदेशात मशीन निवडण्याइतकाच हा प्रश्न मोठा आहे. बहुतेक पट्ट्यांच्या डबीवर ३० अंशांपर्यंतच ठेवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४४ वर, भुसावळ-जळगावकडे त्याहून वर. पत्र्याच्या घरात दुपारी किती होत असेल याचा अंदाज तुम्हीच करा. पट्टीवर एक एन्झाइम असतं, ते साखरेशी क्रिया करून वीज निर्माण करतं आणि मशीन ती वीज मोजतं. उष्णतेने आणि दमटपणाने ते एन्झाइम मरतं. पट्टी दिसायला तशीच राहते, आकडा मात्र चुकतो, आणि वर चुकेल की खाली याचा नेम नाही.

मग करायचं काय? डबी घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, खालच्या फडताळात ठेवा. फ्रिजच्या वर नको (तिथे गरम असतं, हे अनेकांच्या लक्षात येत नाही), चुलीजवळ नको, गाडीच्या डिक्कीत तर मुळीच नको. फ्रिजच्या आतही शक्यतो नको, बाहेर काढून झाकण उघडलं की आत दव धरतं. माठाशेजारी ठेवायची हौस असेल तर ओल लागणार नाही एवढं अंतर ठेवा.

उन्हाळ्यात १०० पट्ट्यांचं खोकं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, २५ चं घ्या. ऑनलाइन मागवत असाल तर होळीच्या आत मागवा. नंतरचा माल पत्र्याच्या गाडीत किती तास तापला हे तुम्हाला कळणार नाही. डबी उघडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहा. बऱ्याच पट्ट्या उघडल्यापासून तीन महिने चालतात, काही सहा. नेमकं डबीवर बघा. पट्टी काढली की झाकण लगेच बंद करायचं, झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो. आणि पट्ट्या सुपारीसारख्या कागदाच्या पुडीत बांधून शेतात नेऊ नका. नेल्यात तर तिथेच टाकून या.

मशीनलाही उष्णता सोसत नाही. मॉडेलप्रमाणे ४० किंवा ४५ अंशांपर्यंत ते चालतं, पुढे पडद्यावर थर्मामीटरचं चित्र येतं. बिघडलं म्हणून लोक धावत येतात. सावलीत अर्धा तास ठेवलं की चालू होतं.

अचानक ३०० च्या वर आकडा आला. गोळी वाढवू का?

आधी हात धुवा. हे मी गमतीने म्हणत नाही. आमच्या वडिलांनी एकदा संध्याकाळी पपई कापता कापता बोट टोचलं. ३१२ आली. घरात रडारड व्हायचीच बाकी होती. साबणाने हात धुऊन, पुसून परत घेतली तर १६४. पट्टीला लागणारा रक्ताचा थेंब मायक्रोलिटरभर किंवा त्याहूनही कमी असतो. त्यात फळाचा चिकटा मिसळला की आकडा कुठच्या कुठे जातो. केळी-पपईच्या पट्ट्यात, रसवंतीवर, गुळाच्या दुकानात काम करणाऱ्यांनी हे ध्यानात धरावं. नुसतं स्पिरिटचं बोळं फिरवून चिकटा पुरता जात नाही, पाणीच हवं. धुतल्यावर बोट कोरडं करा, ओल्या बोटाने रक्त पातळ होऊन आकडा कमी येतो.

पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. दुसऱ्यांदाही ३०० च्या वरच आली तर डॉक्टरांना फोन करा, गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नका.

अंगात रक्त कमी आहे, सिकलसेल आहे. मशीन चालेल?

चालेल, पण बघून घ्यावं लागेल. सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार. आमच्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न खरोखर येतो, आणि मशीनच्या जाहिरातीत याचं उत्तर कधीच नसतं.

रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, याला हेमॅटोक्रिट म्हणतात. पेशी कमी असल्या की बहुतेक मशीनं शुगर खरीपेक्षा जास्त दाखवतात, पेशी फार असल्या की कमी. आतल्या कागदावर हेमॅटोक्रिटची हद्द छापलेली असते. कुणाची ३० ते ५५, कुणाची ० ते ७०. तुमचं हिमोग्लोबिन तिनाने गुणा, साधारण हेमॅटोक्रिट मिळतं. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईचं ते २४ च्या आसपास येईल. तिला ३० पासून सुरू होणारं मशीन देणं म्हणजे फसवणूकच. तिच्यासाठी रुंद हद्दीचं मशीन मागा. दुकानदाराला माहीत नसेल तर खोकं उघडून कागद वाचायला लावा.

सिकलसेलच्या रुग्णाला दुसरी एक अडचण असते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात या हिशोबावर चालते. सिकलसेलमध्ये त्या लवकर मरतात, म्हणून एचबीए१सी खोटीच कमी येते. लोह कमी असेल तर उलट थोडी जास्त येऊ शकते. अशा वेळी बोटाची आणि लॅबची रोजची शुगर हाच आधार. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं. त्यात तपासणी होऊन कार्ड मिळालं असेल तर ते शुगरच्या डॉक्टरांनाही दाखवा. वाहक (स्वतःला आजार नाही, पण अंगात त्याचा अंश आहे असे) असाल तरी सांगा, कारण काही पद्धतींनी केलेली एचबीए१सी वाहकांमध्येही गडबडते.

डायलिसिस चालू आहे, इतर गोळ्याही आहेत. त्याने फरक पडतो?

काहींनी पडतो. पोटातून होणाऱ्या डायलिसिसमध्ये इकोडेक्स्ट्रिन नावाचं द्रावण वापरत असतील तर ‘जीडीएच-पीक्यूक्यू’ एन्झाइमची पट्टी साखर खोटी वाढवून दाखवते, आणि त्यावर इन्सुलिन दिलं तर जीव जाऊ शकतो. अशा घरात मशीन डॉक्टरांना विचारूनच घ्या. मोठ्या डोसमधलं व्हिटॅमिन सी आणि पॅरासिटामॉल काही मशीनांना गोंधळात टाकतं, तेही कागदावर असतं.

कोडवालं घ्यावं की बिनकोडचं?

बिनकोडचं. पट्टीच्या डबीवरचा कोड मशीनमध्ये जुळवायला विसरणं हे जुन्या मशीनांचं नेहमीचं दुखणं होतं.

आईला नीट दिसत नाही. काय बघावं?

मोठा ठळक आकडा, पट्टीच्या तोंडाशी दिवा, आणि थेंब कमी पडला तर थोड्या वेळात परत रक्त लावू देण्याची सोय. ही शेवटची सोय थरथरत्या हातासाठी फार उपयोगी, दर वेळी पट्टी वाया जात नाही. ब्लूटूथ पोरग्याला हवं असतं, आईला नसतं. पण पोरगा सुरतेला बसून रोज आकडे बघणार असेल तर घ्या. नाहीतर शंभर पानी वही आणि पेन पुरे. वहीत आकड्यापुढे काय खाल्लं तेही लिहिता येतं.

परदेशातून पाठवलेलं मशीन असेल तर जरा थांबा. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगर वेगळ्या एककात मोजतात. तिथे ७ आली म्हणजे आपल्याकडची १२६. आकडा १८ ने गुणायचा. एकदा एक काकू ‘९ उनी’ (९ आली) म्हणून रडत आल्या होत्या. शिवाय त्याच्या पट्ट्या इथे कुठून आणणार?

बोट टोचायची भीती वाटते.

सगळ्यांनाच वाटते. सुईच्या नंबरात आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे २८ पेक्षा ३३ बारीक. पण शेतात राबून कातडी जाड झालेल्या बोटाला ३३ ने रक्तच येत नाही, तिथे २८ किंवा ३० बरी. सुई बसवायच्या पेनवर किती खोल टोचायचं ते ठरवता येतं, ते कमीपासून सुरू करा. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे दुखणं कमी. दर वेळी बोट बदला. हिवाळ्यात सकाळी बोटं गार पडून रक्त येत नाही, तेव्हा कोमट पाण्याने हात धुऊन खाली सोडा. बोट पिळत बसू नका.

दिवसातून किती वेळा तपासू?

इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टर सांगतील तितक्या वेळा, बहुधा रोज. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्याला रोजची गरज सहसा नसते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने शुगर खाली जाऊ शकते, तेव्हा गरगरलं, घाम फुटला, हात कापले की लगेच तपासा.

रोज सकाळची उपाशी शुगर लिहून ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यातून फारसं शिकायला मिळत नाही. त्यापेक्षा जोडीने तपासा, जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. एक दिवस कळण्याची भाकरी आणि भरीत, एक दिवस वरण-बट्टी, एक दिवस भात. सहा पट्ट्यांत तुमचं शरीर कशाला कसं वागतं ते दिसतं. आखाजीला (अक्षय तृतीयेला) आमरस खाणारच असाल तर एक पट्टी त्यासाठी राखून ठेवा. आकडा बघून पुढच्या वर्षी वाटी लहान होते, असा माझा अनुभव आहे. सर्वसाधारण उद्दिष्ट उपाशीपोटी ८० ते १३०, जेवणानंतर १८० च्या आत. म्हाताऱ्या माणसांना डॉक्टर यापेक्षा सैल हद्द देतात.

गरोदर बाईची हद्द वेगळी आणि कडक आहे : उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवणानंतर एका तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत.

शेजाऱ्याच्या मशीनवर माझी १९० आली. मला डायबेटिस झाला?

मशीनवरून ते ठरत नाही. लॅबमध्ये उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, यावरून ठरतं, आणि तेही सहसा दोनदा खात्री करून. उद्या सकाळी उपाशीपोटी जाऊन तपासून या. आणि शेजाऱ्याचं मशीन वापरलंत ते ठीक, सुई तर त्याची नव्हती ना?

म्हणजे घरात दोघांना एक मशीन चालत नाही?

मशीन चालेल, थेंब मशीनच्या आत जात नाही. सुई आणि टोचायचं पेन मात्र ज्याचं त्याचं वेगळं. सुई बदलून पेन तेच ठेवलं तरी नको, पेनच्या तोंडाला रक्त लागलेलं असतं. हेपटायटिस बी असाच पसरतो. दोन पेनांना दोन रंगाचे दोरे बांधा. मशीनच्या आठवणीत दोघांचे आकडे मिसळतात, म्हणून वह्याही दोन.

बोट न टोचता शुगर सांगणारं घड्याळ आलंय म्हणे?

घेऊ नका. कातडीला न टोचता शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेत औषधं-उपकरणं मंजूर करणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. दंडावर लावायचा सेन्सर ही वेगळी गोष्ट, तो खरा आहे. फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सर १४ दिवस चालतो आणि काही हजारांना पडतो. तो रक्तातली नाही तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून काही मिनिटं मागे असतो. आकडा आणि तब्येत जुळत नसेल तर बोट टोचावंच लागतं. इन्सुलिनवर असलेल्या, रात्री शुगर उतरणाऱ्या माणसाला तो जरूर उपयोगी आहे.

पडद्यावर आकड्याऐवजी ‘एच-आय’ किंवा ‘एल-ओ’ आलं तर?

‘एच-आय’ म्हणजे बहुतेक मशीनांवर ६०० च्या वर. हात धुऊन परत बघा आणि तसंच आलं तर गाडी काढा, सकाळची वाट पाहू नका. ‘एल-ओ’ म्हणजे शुगर फार खाली गेली आहे, तिथे तर परत तपासण्याआधी तोंडात साखर जायला हवी.

शुगर ७० च्या खाली आली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, अजून कमी असेल तर परत द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्या घरात ग्लुकोजची पावडर ठेवावीच लागते. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

वापरलेल्या सुया कुठे टाकू?

घंटागाडीत सुट्या टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या, सुई टाकली की झाकण लावा. पाऊण भरली की झाकणाला चिकटपट्टी मारून जवळच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात विचारून द्या. आमच्या दुकानात आणून दिलीत तरी चालतं, शेजारच्या दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर आम्ही ती पाठवतो. फक्त बाटलीवर ‘सुया’ असं मोठ्या अक्षरात लिहून आणा.